बेडकाचा पाय एकच, उडण्याची कारणं तीन

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं की इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचा पाय उडताना पाहिला, प्राण्यांच्या अंगात वीज असते असा चुकीचा निष्कर्ष काढला, आणि भौतिकशास्त्रज्ञ व्होल्टाने ती चूक दाखवून बॅटरी बनवली. हे कितपत खरं? मूळ प्रयोग नेमके कसे केले होते? आणि आज ते करून बघता येतात का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. गॅल्व्हानीच्या टेबलावर बेडकाचा पाय तीन निरनिराळ्या कारणांनी उडत होता. त्यातल्या दोन वेळा वीज बाहेरून आलेली होती, तिसऱ्या वेळी ती खरोखर बेडकाची होती. डोळ्यांना मात्र तिन्ही वेळा तेच दिसतं: पाय ताडकन उडतो. गॅल्व्हानीने तिन्हींना एकाच माळेत ओवलं. व्होल्टाने दुसरं कारण अचूक पकडलं, त्याचं स्पष्टीकरण मात्र चुकीचं दिलं, आणि तिसऱ्या कारणाकडे शेवटपर्यंत पाठ फिरवली. पाठ्यपुस्तकातल्या तीन ओळींत हे बसत नाही, म्हणून तिथे एक जिंकलेला आणि एक हरलेला असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. लंडनमध्ये स्टीफन ग्रेने १७३० साली एका मुलाला रेशमी दोऱ्यांवर आडवं टांगलं, घासलेली काचनळी त्याच्याजवळ धरली आणि मुलाच्या चेहऱ्याकडे पितळेच्या पत्र्याचे कपटे ओढले जाताना दाखवले. म्हणजे माणसाचं शरीर वीज वाहून नेतं हे तेव्हाच कळलं होतं. १७४५-४६ मध्ये लेडन जार, म्हणजे आतून-बाहेरून वाहक लावलेली काचेची बरणी, आला आणि पहिल्यांदा वीज साठवून ठेवता येऊ लागली. लगेच पॅरिसच्या नोलेने राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि एका जारमधून सगळ्यांना एकदम उडवलं. याच नोलेने पुढे मोहरीच्या बिया, मांजरं आणि पक्षी विद्युतभारित करून त्यांची वाढ आणि वजनातली घट मोजायचाही प्रयत्न केला. त्या मोजमापांतून फारसं काही निघालं नाही, पण प्रयोगाची पद्धत म्हणून ती काळाच्या पुढे होती. बेडकाच्या स्नायूला ठिणगी देऊन तो आखडतो का हे बघणंही बोलोन्यात नवं नव्हतं. काल्दानीने १७५६ च्या सुमारास ते केलं होतं. तेव्हा गॅल्व्हानीला हे अचानक, स्वयंपाकघरात बायकोसाठी सूप करताना सापडलं ही गोष्ट सोडून द्या. तो शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता, घरी घर्षणयंत्र (घासून वीज निर्माण करणारं यंत्र) आणि लेडन जार बाळगून होता, आणि १७८० च्या नोव्हेंबरपासून पद्धतशीर नोंदी ठेवत होता.

आता बेडूक तयार करण्याची पद्धत, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. बेडकाला पुढच्या पायांच्या खाली आडवं कापायचं. आतडी काढायची, मागच्या पायांची कातडी सोलायची. पाठीच्या कण्याचा एक तुकडा वर ठेवायचा आणि त्याच्या नि मांड्यांच्या मधलं हाड-मांस कापून टाकायचं. मग कण्यातून निघून मांडीत उतरणारे पांढरे, दोऱ्यासारखे मज्जातंतू तेवढे मध्ये उरतात. वर कण्याचा तुकडा, खाली दोन पाय, मध्ये दोन दोरे. या रचनेचा फायदा असा की बाहेरून आलेला प्रवाह मधल्या भागात दुसरीकडे कुठे पसरूच शकत नाही, त्याला त्या बारीक दोऱ्यांतूनच जावं लागतं. म्हणून अगदी क्षीण विजेलाही पाय दाद देतो.

इथे चुका ठरलेल्या असतात. मज्जातंतू धातूच्या चिमट्यात धरला की चेपलेल्या जागी तो कायमचा निकामी होतो. तो काचेच्या आकड्याने उचलायचा, तेही न ताणता. सुकू दिला तर पाय आपोआप फडफडायला लागतो आणि बघणाऱ्याला वाटतं प्रयोग यशस्वी झाला. साध्या पाण्याने ओला ठेवला तर स्नायूच्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि थोड्याच वेळात पाय मंद होतो. दवाखान्यातली सलाईनची बाटली वापरणं ही उलटी चूक. ती ०.९ टक्के असते, बेडकाला ०.६५ टक्के लागतं. प्रयोगशाळेत वापरतात ते बेडकाचं रिंगर द्रावण असं: एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम क्लोराइड ६.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१४ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.१२ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम. कॅल्शियम सगळ्यांत शेवटी, बाकीचं पूर्ण विरघळल्यावर आणि पाणी जवळजवळ पूर्ण भरल्यावर घालायचं, नाहीतर बायकार्बोनेटशी मिळून पांढरा गाळ बसतो. गॅल्व्हानीकडे यातलं काहीच नव्हतं, कारण रिंगरचं काम १८८० च्या दशकातलं. तरी त्याचे प्रयोग चालले, याचं श्रेय बेडकाला. थंड रक्ताच्या प्राण्याचे स्नायू रक्तपुरवठा थांबल्यावरही थंड हवेत तासन् तास जिवंत राहतात. सशाचा किंवा कोंबडीचा पाय घेतला असता तर फार लवकर आटोपावं लागलं असतं.

पहिलं कारण ठिणगीचं. तारीख २६ जानेवारी १७८१. तयार केलेला बेडूक टेबलावर होता, घर्षणयंत्र काही अंतरावर होतं, दोघांचा एकमेकांशी काहीही संपर्क नव्हता. मदतनिसाने शस्त्राचं टोक मज्जातंतूला लावलं आणि दोन्ही पाय जोरात आखडले. त्याच क्षणी कोणीतरी यंत्रातून ठिणगी काढली होती हे दुसऱ्या मदतनिसाच्या लक्षात आलं. गॅल्व्हानीने पुन्हा करून बघितलं तर कधी पाय उडे, कधी नाही. पुढची पायरी त्याच्या हुशारीची साक्ष आहे. शस्त्राची मूठ हाडाची होती. बोटं नुसती हाडावर असली तर पाय हलत नसे. बोट पात्याला किंवा मुठीतल्या धातूच्या खिळ्यांना लागलं तर हले. म्हणजे माणसाचं शरीर या मंडलाचा भाग होतं.

याचा उलगडा असा. यंत्राचा वाहक भारित होतो तेव्हा जवळपासच्या प्रत्येक वाहकावर, म्हणजे बेडकावर आणि मदतनिसावरही, प्रवर्तनाने, म्हणजे स्पर्शाशिवाय, भार जमतो. तो जमिनीतून हळूहळू येतो, त्यामुळे काही जाणवत नाही. ठिणगी पडली की यंत्राचा भार एका क्षणात नाहीसा होतो आणि अडकून पडलेला भार तितक्याच वेगाने जमिनीकडे परततो. परतीची वाट शस्त्राच्या टोकाखालच्या बारीक मज्जातंतूतून असेल तर पाय उडणारच. या परतीच्या धक्क्याचं वर्णन इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅहनने १७७९ सालीच छापलं होतं. व्होल्टाला हे वाचताक्षणी समजलं. त्याच्या लेखी या प्रयोगात नवल एवढंच होतं की बेडूक इतका संवेदनशील आहे. पुढे गॅल्व्हानीने छतावर तार लावून ती मज्जातंतूला जोडली, पायाला बांधलेली दुसरी तार विहिरीच्या पाण्यात सोडली, आणि वादळात आकाशात वीज चमकली की गडगडाटाच्या आधीच पाय उडताना पाहिले. तेही हेच कारण, फक्त यंत्राच्या जागी ढग.

दुसरं कारण धातूंचं. सप्टेंबर १७८६ मध्ये स्वच्छ हवेतही वातावरणातली वीज मिळते का हे बघायला त्याने कण्याच्या तुकड्यात पितळी आकडे अडकवून बेडूक लोखंडी कठड्याला टांगले. बराच वेळ काही घडेना. शेवटी आकडा हाताने कठड्यावर दाबला, तर पाय उडाला. मग घरात, बंद खोलीत, लोखंडी पत्र्यावर तेच. हवामानाचा काही संबंध नव्हता. धातू बदलले की जोर बदलत होता, काच किंवा राळ वापरली तर काहीच होत नव्हतं. गॅल्व्हानीचा निष्कर्ष: स्नायू हाच एक लेडन जार आहे, आत एक भार, बाहेर दुसरा, मज्जातंतू ही त्याची तार, आणि दोन्हीकडे टेकणारा धातूचा चाप म्हणजे तो जार मोकळा करणारा दुवा. हे सगळं त्याने १७९१ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलं.

पाव्हियात व्होल्टाने १७९२ च्या वसंतात प्रयोग पुन्हा केले. सुरुवातीला त्याने गॅल्व्हानीची तोंडभर स्तुती केली, मग लवकरच शंका काढली. त्याची चाल बघण्यासारखी आहे. स्नायू जार असेल तर चापाचं एक टोक मज्जातंतूला आणि दुसरं स्नायूला लागायलाच हवं. त्याने दोन्ही टोकं मज्जातंतूवरच, थोड्या अंतरावर ठेवली. एका जागी कथलाचा वर्ख, दुसऱ्या जागी चांदी. दोन्ही एकमेकांना टेकवले की स्नायूला हातही न लावता पाय उडाला. जारची कल्पना इथे कोसळते. स्नायू फक्त मज्जातंतूने दिलेला हुकूम पाळत होता, आणि मज्जातंतूला टोचणारी वीज दोन वेगळ्या धातूंतून येत होती. जस्त, कथील, शिसं एका बाजूला आणि चांदी, सोनं, ग्रॅफाइट दुसऱ्या बाजूला अशी क्रमवारीही त्याने लावली. क्रमवारीत जितकं अंतर, तितका झटका मोठा.

गॅल्व्हानीच्या बाजूने उत्तर आलं की एकाच धातूच्या तारेनेही पाय उडतो. व्होल्टा म्हणाला, तुमची तार एकसारखी नाही, तिचं एक टोक कठीण तर दुसरं मऊ असू शकतं. ते दाखवायला त्याने एका लोखंडी तारेचं एक टोक साधारण अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरलं आणि लगेच वापरलं. जी तार आधी निष्क्रिय होती तिनेच पाय उडवला, आणि टोक निवल्यावर पुन्हा निष्क्रिय झाली. गॅल्व्हानीच्या भाच्याने, आल्दिनीने, मग पारा वापरला, कारण पारा द्रव, त्याला कठीण-मऊ टोकं नसतात. वाद असा पायरी पायरीने चढत गेला. दोन्हीकडची माणसं किती काटेकोर होती हे त्यातून दिसतं.

हा प्रयोग करताना एक गोष्ट नवख्यांना चकवते. धातू टेकवून धरले तरी पाय आखडलेला राहत नाही. टेकवण्याच्या क्षणी उडतो, मग सैल पडतो, आणि कधीकधी सोडण्याच्या क्षणी पुन्हा उडतो. प्रवाह थांबला असं वाटतं, पण तो चालूच असतो. मज्जातंतूला प्रवाहातला अचानक बदल कळतो, संथ वाहणं जवळपास कळत नाही. संपर्काच्या वेळचा झटका ऋण टोकापाशी सुरू होतो, तोडण्याच्या वेळचा धन टोकापाशी. म्हणून क्षीण प्रवाहात फक्त जोडतानाचा झटका मिळतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्ल्यूगरने याचे नियम १८५९ साली बांधले. हलक्या हाताने, सरकवत संपर्क केला तर भरपूर व्होल्टेज असूनही पाय ढिम्म हलत नाही, हे याच कारणाने.

तिसरं कारण, आणि हेच पुस्तकांतून गळतं. १७९४ मध्ये निनावी छापलेल्या एका पुस्तिकेत धातू पूर्ण वगळून केलेला प्रयोग आहे. मज्जातंतू कण्यापासून कापायचा, काचेच्या दांडीने उचलायचा आणि त्याचं टोक त्याच पायाच्या स्नायूवर पाडायचं. पाय उडतो. व्होल्टाने यावरही उत्तर दिलं: मज्जातंतू आणि स्नायू हे दोन वेगळे ओले पदार्थ, म्हणजे दोन वेगळ्या धातूंसारखेच. मग १७९७ मध्ये गॅल्व्हानीने शेवटचा डाव टाकला. दोन पाय वेगळे केले, दोघांचे मज्जातंतू लांब ठेवले, आणि एकाचा मज्जातंतू दुसऱ्याच्या मज्जातंतूवर अशा रीतीने टाकला की एका ठिकाणी ताजं कापलेलं टोक लागेल आणि दुसऱ्या ठिकाणी अखंड भाग. धातू नाही, स्नायूचा स्पर्श नाही, दोन्हीकडे एकच ऊती. पाय उडाले. यावर व्होल्टाकडे पटण्याजोगं उत्तर नव्हतं.

आज कारण ठाऊक आहे. जिवंत पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते, मज्जातंतूत ७० मिलिव्होल्टच्या आसपास, स्नायूत ९० च्या. कापलेल्या तोंडाशी ही आतली बाजू उघडी पडते, म्हणून कापलेली जागा अखंड पृष्ठभागाच्या तुलनेत ऋण होते. दोन्ही जागा ओल्या वाहकाने जोडल्या की इजेचा प्रवाह वाहतो. म्हणून या प्रयोगात काप ताजा हवा. जुना काप काही वेळात मिटत जातो आणि मग काहीही घडत नाही. द्रावण जास्त झालं तर प्रवाह त्या पातळ थरातूनच वळसा घेतो आणि मज्जातंतूपर्यंत पुरेसा पोचत नाही. गाळणकागदाने जादा ओल टिपून घ्यायची, पण सुकू द्यायचं नाही. आणि मज्जातंतू टेकवायचा नाही, टाकायचा. संपर्क एकदम व्हायला हवा. अर्थात गॅल्व्हानीचं लेडन जारचं चित्र तपशिलात चूकच होतं. पण आत-बाहेर भारांची विभागणी असते आणि झटका म्हणजे ती मोकळी होणं, हा गाभा पेशीपटलाच्या आजच्या समजुतीच्या फार जवळ जातो.

मग व्होल्टा जिंकला असं जगाला का वाटलं? कारण त्याच्याकडे वस्तू होती. २० मार्च १८०० च्या पत्रात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या ‘चळती’ची कृती कळवली: चांदीची चकती, जस्ताची चकती, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि हाच क्रम पुन्हा पुन्हा. त्याच पत्रात तो या उपकरणाला कृत्रिम विद्युत-अवयव म्हणतो. त्याच्या डोळ्यांसमोर टॉर्पेडो मासा होता. जॉन वॉल्शने १७७२ मध्ये फ्रान्सच्या ला रोशेलला या माशाचा झटका विजेचा असल्याचं दाखवलं होतं, जॉन हंटरने त्याच्या अवयवातले एकावर एक रचलेले चकत्यांचे खांब उलगडले होते, आणि कॅव्हेंडिशने १७७६ मध्ये लेडन जार जोडून चामड्याचा नकली मासाही बनवला होता. बेडकात वीज नाही म्हणणाऱ्याने प्राण्याचीच नक्कल करून पहिली बॅटरी केली, ही या प्रकरणातली खरी गंमत. वीज केवळ धातूंच्या स्पर्शाने निर्माण होते हे त्याचं म्हणणंही टिकलं नाही. ऊर्जा येते ती जस्ताच्या रासायनिक क्षरणातून. गॅल्व्हानी हे सगळं बघायला नव्हता. नेपोलियनने उभ्या केलेल्या नव्या प्रजासत्ताकाची शपथ घ्यायला नकार दिल्याने त्याची प्राध्यापकी गेली आणि डिसेंबर १७९८ मध्ये तो वारला.

मधल्या काळात बराच तमाशाही झाला. आल्दिनीने जानेवारी १८०३ मध्ये लंडनला, फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला मोठी चळत जोडली. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळली. लोकांना वाटलं प्रेत जिवंत होतंय. शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्यात बेडकाच्या पायापेक्षा वेगळं काही नव्हतं. त्यापेक्षा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टचं काम मोलाचं. त्याने स्वतःच्या पाठीवर फोड उठवून त्यांवर जस्त आणि चांदी ठेवून बघितली, हजारो प्रयोग केले आणि १७९७ मध्ये लिहिलं की दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

तिसरं कारण पुन्हा उजेडात यायला बेडकाहून वेगळं मापक लागलं. तोपर्यंत बेडूक हाच विजेचा उगम, तोच मार्ग आणि तोच काटा होता. अशा मांडणीत वाद सुटत नाहीत. १८२० नंतर गॅल्व्हानोमीटर, म्हणजे प्रवाह काट्याने दाखवणारं मापक, आला. नोबिलीने १८२७ मध्ये या मापकाने बेडकाचा प्रवाह पकडला, पण तो उष्णतेमुळे येतो असं मानलं. पिसाच्या मात्तेउचीने बेडकाच्या अर्ध्या मांड्या एकापुढे एक रचल्या, प्रत्येकीचा कापलेला भाग पुढच्या मांडीच्या अखंड पृष्ठभागाला टेकवून. मांड्या वाढवल्या की काट्याचं विचलन वाढलं. बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमोंने २४ हजारांहून जास्त वेढ्यांचं गॅल्व्हानोमीटर स्वतः गुंडाळलं आणि १८४० च्या दशकात दाखवलं की स्नायू किंवा मज्जातंतू काम करतो तेव्हा इजेचा प्रवाह क्षणभर घटतो. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजला: सेकंदाला सुमारे २७ मीटर. धातूच्या तारेतल्या विजेपेक्षा हा फारच संथ, त्यामुळे मज्जातंतू म्हणजे नुसती तार नव्हे हेही ठरलं.

आज करून बघायचं तर बेडकाचा विचार सोडा. रानातले बेडूक पकडण्यावर कायद्याचा बडगा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातली विच्छेदनं २०११ मध्ये बंद करत आणायला सांगितली आणि २०१४ मध्ये पूर्ण थांबवायला सांगितली. मज्जातंतू-स्नायूच्या झटक्यांचे आलेख पूर्वीच्या काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमऐवजी संगणकावर शिकवले जातात, आणि झटक्याचे नियम शिकायला तेवढं पुरतं.

दुसरं कारण मात्र घरी, कुणालाही न मारता तपासता येतं. व्होल्टाने जिभेचं टोक आखडतं का बघायला एका जागी कथलाचा वर्ख आणि दुसऱ्या जागी चांदी लावली होती. जीभ आखडली नाही, आंबट चव आली. कृती अशी: अॅल्युमिनियम फॉइलची बोटभर रुंद पट्टी दुमडून जाड करा आणि काथ्याने हलकी घासून धुवा, कारण वरचा ऑक्साइडचा थर प्रवाह अडवतो. ती जिभेखाली ठेवा. चांदीचा स्वच्छ चमचा जिभेवर ठेवा. दोन्हींची बाहेरची टोकं वेगळी असताना चव नसते. ती एकमेकांना टेकवा, दोन-तीन सेकंदांत आंबट-कडसर चव येते. स्टीलच्या चमच्याने परिणाम फार कमजोर मिळतो. तांबं वापरायचं तर हिरवट डाग नसलेलं, आणि क्षणभरच. दाढेत चांदी भरलेली असेल तर फॉइल तिला लागू देऊ नका, चांगलीच कळ येते, आणि कारण हेच. पडताळा म्हणून दोन्ही बाजूंना फॉइल ठेवून बघा. तेव्हाही चव आली तर फॉइल नीट धुतलेली नाही.

चव आल्यावर टोकं तशीच धरून ठेवा. पाय एकदाच उडून थांबतो, चव मात्र संपर्क असेपर्यंत टिकते. प्रवाह अखंड वाहतो आहे याचा हा पुरावा व्होल्टाला चळत रचायच्या आठ वर्षं आधी, जिभेवर मिळाला होता.